त्याला माझ्याआधी ने

सोमवारी सकाळी बदलापुरात बेलवलीच्या नाक्यावर उभे असणारे रिक्षावाले सुहासिनी खोपकरला "कुठे जायचं?" असं कधी विचारत नसत. तिच्या हाताला धरून एक उंचापुरा, भरल्या अंगाचा माणूस येई. शर्टाची बटणं पार गळ्यापर्यंत लावलेली, तेल लावून चापून पाडलेला भांग, आणि दाढीत कुठे कुठे पांढरी झाक. तो आधी स्वतः रिक्षात चढायचा, मग वाकून "आई, ये" म्हणायचा, आणि ती बसली की ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारून सांगायचा, "अंबरनाथ. देव." नवा ड्रायव्हर असला तर दचकून मागे बघायचा. जुने नुसते हसायचे. "हां शौनकभाई, चलो," म्हणायचे.

शौनक तिचा मुलगा. वयानं पस्तिशीला टेकलेला, समजेनं चार-पाच वर्षांचा. जन्मला तेव्हा तो रडलाच नव्हता. नर्सनं उलटा धरून चापट्या मारल्या, पाठ चोळली, तेव्हा कुठे बऱ्याच वेळानं मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज निघाला. तेवढ्या वेळात मेंदूला हवा कमी पडली होती. हे कळायला दोन वर्षं गेली. ज्या दिवशी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, त्या दिवशी सुहासिनी दवाखान्याच्या जिन्यात बसून राहिली. उठेचना. तिचा नवरा दिनानाथ शेजारी बसला. तो अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात शिफ्ट सांभाळायचा. त्याच्या नखांच्या कडांना कायम कुठला ना कुठला रंग लागलेला असे. तो म्हणाला, "आपल्याकडे पाठवलाय ना, मग विचार करूनच पाठवला असेल. एकट्यानं सांभाळायचं म्हणून नाही पाठवलेला. तोही आहे."

दिनानाथचं देवाचं असंच होतं. उपास नाहीत, सोवळं नाही. दर सोमवारी कामावर जाताना अंबरनाथच्या जुन्या शिवमंदिरात जायचा, एवढंच. तिथला गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून अंधारात जावं लागतं. दिनानाथ म्हणायचा, "लोक देवाला वर शोधतात. आपल्याकडचा देव बघ, खाली उतरून बसलाय. आपल्यापेक्षाही खाली." सुहासिनीला हे बोलणं फार आवडायचं. हळूहळू तिलाही देवाशी बोलायची सवय लागली. स्तोत्रंबित्रं तिला पाठ नव्हती. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना ती त्याच्याशी अरे-तुरे करून बोलायची. "बघ रे, आज दूध नासलं." "आज शौनकनं स्वतःच्या हातानं चप्पल घातली, पाहिलंस का?" घरात कुणी ऐकलं तर वाटावं, आतल्या खोलीत हिचा भाऊ येऊन बसलाय.

प्राची, शौनकची धाकटी बहीण, हे ऐकतच मोठी झाली आणि लग्न होऊन पुण्याला गेली. त्यानंतर वर्षभरात दिनानाथ गेला. सकाळी दाढी करता करता आरशापुढे खाली बसला आणि उठलाच नाही. शौनक पुढे कितीतरी महिने संध्याकाळ झाली की बाबांच्या चपला दारापाशी सरळ मांडून ठेवायचा. सुहासिनी ते बघायची आणि भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "आता तूच रे बाबा. आता दुसरं कोण आहे?"

आणि खरंच, कुणीतरी असल्यासारखे दिवस पार पडत गेले. एकदा दिवाळीच्या आधी ती शौनकला घेऊन उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये कपडे घ्यायला गेली होती. बाजार नुसता तुंबलेला. दोन दुकानांच्या मध्ये हातातला हात सुटला, आणि मागे वळून बघते तर शौनक नाही. ती वेड्यासारखी गल्लीबोळ फिरली. चपलेचा अंगठा तुटला तशी चप्पल हातात घेऊन धावली. "निळा शर्ट, मोठा माणूस, पण लहान मुलासारखा," असं ज्याला त्याला सांगत सुटली. शेवटी एका कापडवाल्याच्या गादीवर तिला तो दिसला. मांडी घालून, हातात पापड, समोर पाण्याचा ग्लास. दुकानदार सिंधी म्हातारा म्हणाला, "माताजी, घबराओ मत. भगवान का बंदा है, भगवान के आदमी ने ही संभाला."

भगवान का आदमी म्हणजे माई. दुकानाच्या मागच्या गल्लीत राहणारी, जीन्सच्या कारखान्यांसाठी घरी बसून धागे कापून देणारी एक वाळकी, काळीसावळी बाई. तिच्या पदराचं टोक धरून एक जाडसर बाई उभी होती. केस आखूड कापलेले, ओठातून लाळ गळतेय, नजर शौनकच्या पापडावर.

"ही माझी राजसी," माई म्हणाली. "तुझ्या पोराला रस्त्यात बघितलं, आणि मला लगेच कळलं. आपल्यातलंच आहे. ह्या दुकानवाल्या साईंना सांगितलं, ह्याला बसवा, ह्याची आई येईल धावत."

"आपल्यातलंच" हा शब्द ऐकून सुहासिनीला रडू फुटलं. इतक्या वर्षांत तिला असं कुणी म्हणालं नव्हतं. घरी जाताना ती रिक्षात पुटपुटत होती, "तूच बसवलंस त्याला तिथे. मला ठाऊक आहे."

मग सोमवारी माई आणि राजसीही अंबरनाथला येऊ लागल्या. दर्शन झालं की चौघं देवळाच्या आवारातल्या झाडाखाली बसत. सुहासिनी डब्यात शिरा आणायची. शौनक आपल्या वाट्यातला बेदाणा काढून राजसीच्या तळहातावर ठेवायचा, राजसी तो खायची आणि पुन्हा हात पुढे करायची. दोन्ही आया बोलत बसायच्या. औषधांचं, फिट्सचं, शेजाऱ्यांचं. माई तोंडानं फटकळ होती. एक दिवस बोलता बोलता म्हणाली, "मी खाली पिंडीपाशी एकच मागते. माझ्याआधी हिला ने. एका दिवसानं का होईना, पण आधी."

सुहासिनीच्या हातातला घास थांबला. "माई! पोटच्या पोरीचं मरण मागता?"

"मग काय मागू? मी गेल्यावर हिला कोण धुणार, कोण पुसणार? महिन्याची अडचण आली तर कोण बघणार? भाऊ आहे माझा, पण भावजयीला हिची किळस येते." माईनं राजसीचं तोंड पदरानं पुसलं. "तुला अजून भीती वाटायची आहे. वाटली की तूही हेच मागशील."

सुहासिनी घरी येताना देवाला म्हणाली, "मी नाही रे असलं काही मागणार. मी तुझ्यावर टाकलाय, तू बघ."

ती भीती आली तेव्हा कपडे पिळताना आली. डाव्या हातातून कळ निघाली, छातीवर कुणी दगड ठेवल्यासारखं झालं. समोरच्या फ्लॅटमधली माया घरी होती म्हणून निभावलं. माया एका दवाखान्यात नर्स होती. आंबेडकरी घरात वाढलेली, देवाधर्माच्या वाटेला न जाणारी, पण सुहासिनीला काकू म्हणणारी आणि शौनकच्या वाढदिवसाला न चुकता फुगे आणणारी. तिनंच रिक्षात घातलं, तिनंच पुण्याला फोन केला. तपासण्या झाल्या, आणि हृदयाचं ऑपरेशन करावं लागेल असं ठरलं.

प्राची आली. रात्रभर आईच्या पायाशी बसून राहिली आणि सकाळी जे मनात होतं ते बोलली. "आई, तू दोन-तीन महिने उठू शकणार नाहीस. त्याला मी पुण्याला नेऊ शकत नाही. माझ्या सासूबाई अंथरुणाला आहेत. आणि..."

"आणि मी उठलेच नाही तर," सुहासिनी म्हणाली.

बदलापूरजवळ चामटोलीला अशा मोठ्या मुलामुलींसाठी एक छोटी संस्था होती. मायानं पत्ता काढला होता. तिघी शौनकला घेऊन तिथे गेल्या. कौलारू बैठी घरं, समोर पेरूची झाडं, ओट्यावर बसलेली सात-आठ मुलं. मुलं म्हणायचं, पण एकाचं टक्कल पडलेलं. एकजण सारखा पुढेमागे डुलत होता. सुहासिनीला तिथे बसवेना. स्वयंपाकघरातून भागीरथी नावाची बाई आली. गावातलीच होती, पदर खोचलेला, हात पिठानं माखलेले. तिनं शौनककडे बघितलं आणि म्हणाली, "ये रं, भाकरी खाशील का गरम?" शौनक आईकडे न बघता तिच्या मागे चालू लागला. तो जाणार नाही म्हणून सुहासिनी घाबरली होती. तो गेला म्हणून तिला रडू आलं.

ऑपरेशनच्या आधीच्या सोमवारी ती शौनकला घेऊन देवळात गेली. डॉक्टरांनी पायऱ्या चढू-उतरू नका म्हणून सांगितलं होतं. ती एकेक पायरी बसत बसत उतरली. शौनक पुढे, तिचा हात धरून. गाभाऱ्यात त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. शौनकनं तांब्यातलं पाणी पिंडीवर ओतलं आणि नेहमीसारखं दोन्ही हातांनी पिंडीला थोपटलं, बाळाला थोपटावं तसं. त्या थोपटण्याकडे बघता बघता सुहासिनीचा धीर सुटला. माईचेच शब्द तिच्या तोंडातून बाहेर पडले.

"त्याला माझ्याआधी ने रे. मी इथे असेपर्यंतच ने. परक्याच्या हातात ठेवू नकोस."

"आई, रडू नको," शौनक म्हणाला. ओल्या हातानं त्यानं तिचे डोळे पुसले.

पण झालं उलटंच. ऑपरेशन चांगलं झालं. तिला वाटलं होतं त्याहून लवकर ती उठून बसू लागली, चालू लागली. डॉक्टर म्हणाले, "आजी, आता वीस वर्षं गाडी चालेल." ती शौनकला आणायला चामटोलीला गेली तेव्हा तो झारी घेऊन पेरूंना पाणी घालत होता. उन्हानं रापला होता. आईला बघून झारी टाकून धावत आला, तिच्या छातीवरच्या टाक्यांचं भान न ठेवता मिठी मारली, आणि मग परत जाऊन राहिलेल्या झाडाला पाणी घालून आला. भागीरथी म्हणाली, "बाय, लय गुणाचा पोर तुजा. पहिले चार दिस आई आई केलान. मग रमला. रोज झोपताना पोरांना थोपटाचा."

त्या दिवशी घरी आल्यावर सुहासिनी देव्हाऱ्यापुढे बसली आणि हसली. "मी उगाच घाबरले. मागितलं ते विसर हं. रागात, भीतीत माणूस काहीही बोलतो. तू लक्षात ठेवू नकोस."

तो हिवाळा चांगला गेला. सोमवार पुन्हा सुरू झाले, आणि झाडाखाली बसून तिनं खाली पिंडीपाशी काय मागितलं होतं तेही माईला सांगून टाकलं. शौनकनं गॅलरीत कुंड्या मागितल्या. तिनं चार आणल्या. त्यांना तो इतकं पाणी घालायचा की खालच्या मजल्यावरून ओरड यायची.

फेब्रुवारीत त्याला ताप आला. साधा सर्दीताप म्हणून औषध दिलं. तिसऱ्या दिवशी माया दवाखान्यातून येता येता डोकावली, त्याच्या छातीला कान लावला आणि म्हणाली, "काकू, चला. आत्ता." दोन्ही फुप्फुसं भरली होती. त्याला कफ खोकून बाहेर टाकणं जमत नसे, ते लहानपणापासूनच. दवाखान्यात नळ्या लावल्या तेव्हा तो फार घाबरला. सारखा हात वर करून नळी ओढायचा. शेवटी त्याचे हात पट्टीनं कॉटला बांधले. सुहासिनी म्हणाली, "सोडा, मी धरते." तिनं दोन दिवस ते हात धरून ठेवले.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचा ताप उतरल्यासारखा वाटला. त्यानं डोळे उघडले. मास्कच्या आतून तो काहीतरी म्हणाला. तिनं कान जवळ नेला.

"आई. घर."

"जाऊ हं. जाऊ या आपण."

त्यानं मान हलवली. तिच्या मनगटावर त्याची बोटं होती, ती तशीच राहिली. बाहेर कुणीतरी चहाची किटली घेऊन चाललं होतं, वॉर्डात कपांचा आवाज येत होता. तिला कळलंच नाही. मायानं तिच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा कळलं.

माणसं भेटायला आली. सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता. सुटला. बिचारा सुटला. तुम्हीही सुटलात. एक नातेवाईक बाई तर म्हणाली, "देवाला काळजी असते बरं. तुमच्या मागे हाल नको म्हणून आधी नेलं." सुहासिनी ऐकून घ्यायची. पाणी द्यायची. ती रडलीही फारशी नाही. तिच्या आत एकच गोष्ट घुमत होती: मी मागितलं. मी मागितलं आणि त्यानं दिलं. मी मरणार म्हणून मागितलं, आणि मी तर मेलेच नाही.

दहाव्यानंतर माई आली, राजसीला घेऊन. घरभर बघून राजसी म्हणाली, "शौनक?" माईनं सुहासिनीचे दोन्ही हात हातात घेतले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या पाण्याआड काहीतरी हेव्यासारखंही होतं.

"तुझं ऐकलं गं त्यानं," माई म्हणाली. "नशीबवान आहेस."

सुहासिनीनं हात झटकले. "चालत्या व्हा माझ्या घरातून."

"अगं, मी..."

"तुम्ही शिकवलंत मला ते मागायला. तुमच्या तोंडचे शब्द होते ते. तुमची पोरगी अजून आहे ना? जा तिला घेऊन. पुन्हा येऊ नका."

माई पाणीही न पिता उठली. जिना उतरताना राजसी मागे वळून वळून बघत होती. सुहासिनीनं दार लावून घेतलं.

सोमवार येत गेले. ती अंबरनाथला गेली नाही. देव्हाऱ्यात दिवा लावला नाही. पण देव्हारा उचलून ठेवणंही तिला जमेना. रोज सकाळी ती त्याच्यासमोर उभी राहायची आणि भांडायची. आधी हळू आवाजात, मग मोठ्यानं. "मी म्हटलं होतं ना विसर म्हणून? ते नाही ऐकलंस. आधीचं बरं ऐकलंस! घाबरलेल्या बाईचं बोलणं कुणी असं धरून ठेवतं का? तुझ्या घरी काय कमी होतं, म्हणून माझं पोर नेलंस?" कधी कधी तिचा आवाज इतका चढायचा की माया आपल्या दारातून येऊन उभी राहायची.

एक दिवस सुहासिनीनं तिलाच विचारलं, "माया, तू मानत नाहीस ना देवाला?"

"नाही मानत, काकू."

"बरं आहे तुझं. मलाही आता मानायचं नाही. काही नाही तिथे. सगळं मी आणि ह्यांनी मिळून रचलेलं."

माया तिच्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "माझं सोडा. पण एक सांगू? आम्ही ज्याला मानत नाही, त्याच्याशी भांडत नाही. तुम्ही तर सकाळी उठल्या उठल्या सुरू होता. माझे वडील वारल्यावर माझी आई त्यांच्या फोटोशी असंच भांडायची. तिला कुणी म्हटलं असतं का, की तुझा नवरा तुझा कुणी लागत नव्हता?"

माया चहा ठेवायला आत गेली. भांडण दुसऱ्या दिवशीही झालं. पण त्या दिवशी मधेच थांबून ती म्हणाली, "ऐकतोयस ना? का मी भिंतीशी बोलतेय?" आणि उत्तर येईल म्हणून खरोखर थोडा वेळ उभी राहिली. आलं नाही.

वर्ष उलटून गेलं. एका दुपारी तिला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. "माताजी, मैं कॅम्प दो से. कपडे की दुकान वाला. माई अस्पताल में है. आपका नाम ले रही है."

ती उठली आणि निघाली. माईला सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं. पोटातला आजार पार पसरला होता. आधीच वाळकी बाई आता चादरीखाली आहे की नाही कळत नव्हतं. राजसी कॉटच्या खाली जमिनीवर बसली होती, कॉटचा लोखंडी पाय दोन्ही हातांनी कवटाळून. तिला तिथून कुणी हलवू शकलं नव्हतं. तिच्या अंगाला वास येत होता.

सुहासिनीनं आधी राजसीला उठवलं. बाथरूममध्ये नेलं, धुतलं, पुसलं, माईच्या पिशवीतला दुसरा गाऊन घातला. राजसी मुकाट्यानं सगळं करू देत होती. एवढं झाल्यावर सुहासिनी स्टूल ओढून माईजवळ बसली.

"मी तुम्हाला घालवून दिलं होतं," ती म्हणाली.

माईनं मान हलवली. ते आता महत्त्वाचं नव्हतं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "माझं नाही ऐकलं गं त्यानं. इतकी वर्षं मागितलं. तू एकदाच मागितलंस, तुला दिलं. मी रोज मागितलं. आता मी चालले, आणि ही खाली बसलीय."

गेलं वर्षभर सुहासिनीनं देवाला शिव्याच दिल्या होत्या. माईच्या कपाळावरचा घाम पुसत ती बसून राहिली. आणि मग तिनं स्वतःचाच आवाज ऐकला.

"ऐकलंय, माई. नाहीतर मला इथे कुणी आणून बसवलं असतं?"

माई तिच्याकडे टक लावून बघत राहिली.

"चामटोलीला भागीरथीबाई आहेत. मी स्वतः बघितलंय तिथलं. शौनक रमला होता. मी राजसीला घेऊन जाईन, आणि सोडून येणार नाही, जात राहीन. तिचं पुसायचं, धुवायचं, सगळं मी जाऊन बघेन. जोवर मी आहे तोवर."

"आणि तुझ्यानंतर?"

"माझ्यानंतर त्याला दुसरं कुणीतरी शोधावं लागेल. मला शोधलं तसं."

हे ती खरंच मानून बोलली, की मरणाऱ्या बाईला धीर द्यायला बोलली, ते तिला तेव्हा कळलं नाही. आजही विचारलं तर ती नीट सांगू शकत नाही. पण माईनं डोळे मिटले आणि तिच्या कपाळावरची आठी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. तिचा भाऊ आला, सगळं रीतसर केलं, आणि राजसीचं काय हा प्रश्न निघायच्या आधीच सुहासिनीनं सांगितलं की ते ठरलंय.

चामटोलीचा पहिला दिवस फार वाईट गेला. राजसी फाटकाशी बसली ती आत येईना. भागीरथीनं भाकरी दाखवली, पेरू दाखवला. नाही म्हणजे नाही. सुहासिनी तिच्याजवळ मातीत बसून राहिली. दुपार टळली, ऊन उतरलं. पेरूच्या झाडांना कुणी दुसरा मुलगा पाणी घालत होता, अर्धं पाणी स्वतःच्या पायावर सांडत. ते बघताना सुहासिनीला असं रडू आलं की वर्षभराचं साचलेलं एकदम फुटलं. ती तोंडात पदर कोंबून रडली, तरी आवाज बाहेर येत होता. भागीरथीनं मुलांना आत नेलं आणि दार ओढून घेतलं, बाईला मोकळेपणी रडता यावं म्हणून. संध्याकाळी राजसी आपणहून उठून आत गेली. भूक लागली होती तिला.

आता सुहासिनी दर गुरुवारी जाते. बदलापूरहून रिक्षा मिळाली तर रिक्षानं, नाहीतर गावातल्या कुणाच्या गाडीवर मागे बसून. राजसीचे केस कापते, नखं काढते, कपडे बघते. अंबरनाथच्या देवळात ती महिन्यातून एखाद वेळा जाते. खाली उतरते, पाणी घालते, वर येते. आता ती काही मागत नाही. प्राचीनं एकदा फोनवर विचारलं, "आई, तुझा विश्वास परत आला का गं?" सुहासिनी म्हणाली, "विश्वासाचं मला कळत नाही. बोलणं चालू आहे." काही दिवशी ते बोलणं अजूनही भांडणच असतं. शौनकचं नाव निघालं की आवाज चढतो, माया दारात येते, आणि परत जाते.

मागच्या गुरुवारी राजसी ओट्यावर जेवायला बसली होती. सुहासिनी शेजारी बसून तिच्या भाकरीचे तुकडे करून देत होती. जेवता जेवता राजसीनं विचारलं, "माई?"

ती हे दर वेळी विचारते. सुहासिनी तिला येईल असं कधी सांगत नाही.

"माई देवाकडे गेली, बाळ."

राजसीनं घास चावला. "शौनक?"

"शौनकही."

राजसीच्या हनुवटीवर आमटीचा ओघळ आला होता. सुहासिनीनं तो पुसला. मग राजसीनं तिच्या छातीवर बोट ठेवलं, जिथे ऑपरेशनचा वण आहे बरोबर तिथे.

"तू?"

"मी आहे," सुहासिनी म्हणाली. "मी आहे अजून."

राजसीनं ताटातला भाकरीचा एक तुकडा उचलला, आमटीत बुडवला आणि तिच्या तोंडापुढे धरला. आमटी सुहासिनीच्या साडीवर सांडली. तिनं तोंड उघडलं.